कानातले रातकिडे आणि मेंदूला वीज



रात्री दहाच्या सुमारास गाव निजते. गोठ्यात जनावर मान हलवते तेवढा घुंगराचा आवाज, लांब वस्तीवर एखादे कुत्रे, बाकी सारे सामसूम. अशा वेळी अंथरुणावर पडलेल्या एखाद्याच्या कानात मात्र किर्र चालूच असते. बाहेर रातकिडा नाही, विहिरीवर इंजिन नाही, तरी आवाज आहे. कोणाला तो रातकिड्यासारखा वाटतो, कोणाला शिट्टीसारखा, कोणाला लांबच्या पिठाच्या गिरणीसारखा. शेजारी निजलेल्याला उठवून विचारावे तर तो म्हणतो, "मला तर काहीच ऐकू येत नाही. झोपा आता."

हे वाचताना तुमच्यापैकी काहींनी मान डोलावली असेल. काही घरांत मालकिणीने मालकाकडे पाहिले असेल. या दुखण्याला कर्णनाद म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'टिनिटस' असे लिहिलेले असते. सहा महिने उलटूनही तो गेला नाही म्हणजे जुनाट झाला असे समजावे.

गेल्या हंगामात सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत मी एका गावी गेलो होतो. काम आटोपल्यावर तिथले एक जुने परिचित शेतकरी, गाव त्यांना तात्या म्हणते, मला पडवीत घेऊन गेले. पासष्टी उलटलेला माणूस. खिशातून चौघडी घातलेला छापील कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. मेंदूला सौम्य वीज देऊन कानातील आवाजापासून कायमची सुटका, असा त्याचा मथळा. वीस बैठका घ्यायच्या, शस्त्रक्रिया नाही, भूल नाही. खर्चाचा आकडा वाचला तो एका दुभत्या म्हशीच्या किमतीएवढा भरला.

तात्यांनी तोच हिशेब केलेला होता. "साहेब, मुऱ्हा हाय. दुसऱ्या वेताची, गाभण. गिऱ्हाईक दारात येऊन गेलं. इकू का?"

आतून काकूंचा आवाज आला, "इचारा, इचारा. अन् डेअरीच्या बिलावर घर कोण चालवतंय तेबी सांगा त्यांना."

मी शेतकीचा पदवीधर. माणसाच्या कानाचा डॉक्टर नव्हे. पण गाभण म्हैस विकावी की नाही हा प्रश्न माझ्या खात्यातलाच होता. तात्यांकडून पंधरा दिवस मागून घेतले. जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घशाचे एक ओळखीचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे दोनदा जाऊन बसलो. त्यांनी वाचायला दिले ते वाचले. त्यातून जे हाती लागले ते तात्यांना सांगितलेच. तुमच्याही घरी असा कागद कधी ना कधी येईल, म्हणून येथे लिहितो.

आवाज येतो कुठून?

कानाच्या पडद्यामागे तीन बारीक हाडे असतात आणि त्यांच्या पलीकडे गोगलगायीच्या शंखासारखा वळणे घेतलेला एक अवयव. त्यात सुमारे पंधरा हजार पेशी असतात. त्यांच्या डोक्यावर केसासारखे तुरे असतात, म्हणून त्यांना केसपेशी म्हणू. आवाजाच्या लाटेने हे तुरे डोलतात, जसे वाऱ्याने गव्हाचे शेत डोलते, आणि त्या डोलण्याचा संदेश नसेतून मेंदूकडे जातो. रोजच्या मोठ्या आवाजाने या पेशी मोडतात. ऊस तोडला तर खोडवा फुटतो. या पेशींना खोडवा नाही. एकदा मेली ती गेली.

आपण शेतकरी हे नुकसान फार लवकर करून घेतो. मळणीयंत्र, कडबा कुट्टी, डिझेल इंजिन, बिनकेबिनचा ट्रॅक्टर, सगळे कानाचे वैरी. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास काम केले तर चालते, असा अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचा आडाखा आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला जेमतेम पाव तास. आपला बिनकेबिनचा ट्रॅक्टर ओझ्याखाली पुष्कळदा नव्वदीच्या वर जातो आणि आपण त्यावर पाव तास नव्हे, पहाट ते दिवेलागण बसतो. त्यातही एक गंमत आहे. मागचे अवजार पाहण्यासाठी आपण उजव्या खांद्यावरून वळतो, तेव्हा डावा कान इंजिनाकडे आणि धुराड्याकडे होतो. म्हणून ट्रॅक्टरवाल्यांचा डावा कान बहुधा आधी जातो. यंत्रांची प्रात्यक्षिके घेण्यात माझी बरीच वर्षे गेली. माझाही डावाच वाजतो.

आता कान कमी ऐकू लागला तर शांतता वाढायला हवी, आवाज का वाढावा? येथे रेडिओ आठवा. स्टेशन नीट लागत नाही म्हणून आपण आवाजाची कळ पिळत जातो. बातम्या तर ऐकू येत नाहीतच, पण खरखर मात्र घरभर होते. मेंदू असेच काहीसे करतो. शंखातून येणारा संदेश कमी पडला की तो आपली कळ वाढवतो आणि मग त्याचीच खरखर आपल्याला ऐकू येते. श्रवणाच्या नसेवरची गाठ काढताना ती नसच कापावी लागते, तरीही कित्येक रोग्यांचा आवाज नंतर चालूच राहिल्याचे शल्यविशारदांनी पाहिले आहे. कानात वाजते असे आपण म्हणतो, पण वाजवणारा वर मेंदूत बसलेला असतो.

यात वेडेपणा काही नाही. १९५३ साली अमेरिकेत चांगले कान असलेल्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवून काय ऐकू येते ते विचारले होते. शंभरात ९४ जणांनी काही ना काही आवाज ऐकू येत असल्याचे सांगितले. थोडी खरखर सगळ्यांच्याच मेंदूत असते, दिवसाच्या गलबल्यात ती दडून जाते इतकेच. मात्र किर्र किंवा घूं ऐकू न येता माणसे बोलल्यासारखे शब्द ऐकू येत असतील तर ती गोष्ट वेगळी. त्यासाठी मनोविकाराच्या डॉक्टरांकडे जावे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

विजेचा इलाज नवा नाही

वाजवणारा मेंदूत आहे हे कळल्यावर मेंदूलाच काही करता येईल का, असा विचार येणे साहजिक होते. वीज हे त्यासाठी फार जुने औषध आहे. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गुस नावाचा रोमन वैद्य डोकेदुखीसाठी विजेचा झटका देणारा जिवंत मासा कपाळाला लावायला सांगत असे. १८०० साली इटलीच्या व्होल्टाने आपल्या नव्या बॅटरीची दोन टोके स्वतःच्याच दोन्ही कानांत घातली. डोक्यात धक्का बसला आणि काहीतरी घट्ट पदार्थ रटरट शिजावा तसा आवाज ऐकू आला. तो प्रयोग त्याने पुन्हा केला नाही, यातच त्याचे शहाणपण. लगेच पुढच्या वर्षी, १८०१ मध्ये, बर्लिनच्या ग्रापेनगीसर या डॉक्टरने बहिरेपणा आणि कानातले आवाज यांवर बॅटरीच्या विजेचे प्रयोग केल्याचे पुस्तक लिहिले.

आजचा उपचार इतका रांगडा नाही. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात डोक्याजवळ चुंबकाची कॉइल धरतात. तिच्या ठोक्यासरशी कवटीच्या आत मेंदूत क्षणभर वीज निर्माण होते. हे यंत्र १९८५ साली इंग्लंडात शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. दुसरा प्रकार साधा आणि स्वस्त. तात्यांच्या कागदावर होता तो हाच. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर पट्ट्याने बांधतात, एक डाव्या कानाच्या जरा वर आणि दुसरा समोर उजव्या बाजूला, किंवा दोन्ही कपाळावर. त्यातून एक ते दोन मिलिअँपिअर इतका बारीक प्रवाह वीस मिनिटे सोडतात. आपली पाच अश्वशक्तीची मोटर साधारण सात-आठ अँपिअर ओढते. हा प्रवाह त्याच्या साडेतीन-चार हजाराव्या हिश्शाचा. माणूस जागा असतो, गप्पा मारतो. स्पंजाखाली मुंग्या आल्यासारखे होते, खाजते, कातडी लाल होते, कधी डोके दुखते. पाटाला सोडलेले पाणी जसे निम्म्या वाटेतच मुरते तसा यातला बराचसा प्रवाह कातडीतूनच इकडचा तिकडे जातो. थोडा मेंदूपर्यंत पोचतो.

तेवढ्याशाने काय होणार, असे वाटेल. पण होते. २००० साली जर्मनीत गोटिंगेन येथे नित्शे आणि पाऊलुस या दोघा डॉक्टरांनी दाखवले की, काही मिनिटे दिलेल्या एका मिलिअँपिअर प्रवाहाने हातपाय हलवणारा मेंदूचा भाग जास्त चेततो, दिशा उलटवली तर मंदावतो, आणि प्रवाह बंद केल्यावरही हा बदल थोडा वेळ टिकतो. मग जगभर या उपचाराची लाट आली. कानातल्या आवाजासाठी तो २००६ साली फ्रेग्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रोग्यांवर करून पाहिला. काहींचा आवाज दबला, पण थोड्याच वेळापुरता. सात रोगी ही सुरुवात म्हणून ठीक. त्यावरून कोणी म्हैस विकू नये.

पाण्याने फवारलेला वाफा

येथे मी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कंपनीचे टॉनिक कांद्यावर फवारून दाखवायचे होते. शेतकऱ्याने फवारले, पाऊसपाणी बरे झाले, कांदा असा पोसला की बघणारे थक्क. बाटल्या खपायला लागल्या. मी त्याच शेतात बांधालगतच्या दोन वाफ्यांवर त्याच दिवशी, त्याच पंपाने, नुसते पाणी फवारून ठेवले होते. काढणीला वजन केले तर टॉनिकचा वाफा आणि पाण्याचा वाफा यांत पाच-दहा किलोचाही फरक निघेना. पीक पावसाने दिले होते आणि श्रेय बाटलीला चालले होते. तो पाण्याचा वाफा नसता तर मीसुद्धा टॉनिकची शिफारस करून मोकळा झालो असतो.

कर्णनादाचे तसेच आहे. आवाज रोज सारखा नसतो. झोप झाली नाही की चढतो, चिंता कमी झाली की उतरतो. माणूस उपचाराला जातो तो बहुधा अगदी कंटाळल्यावर, म्हणजे आवाज सर्वांत चढलेला असताना. मग तो आपोआपही थोडा उतरतोच. शिवाय कोणीतरी डोक्याला पट्टा बांधून वीस मिनिटे आस्थेने विचारपूस केली तर निम्मे दुखणे तिथेच हलके होते. आणि आवाज मोजायचे यंत्र तर नाहीच. रोग्याला २५ प्रश्न विचारून शून्य ते शंभर अशा गुणांत त्रास मोजतात. त्यात सातेक गुणांचा फरक पडला तर तो खरा मानायचा, असा आडाखा आहे.

म्हणून डॉक्टरही पाण्याचा वाफा ठेवतात. निम्म्या रोग्यांना खरा प्रवाह देतात. उरलेल्या निम्म्यांना तोच पट्टा, तोच स्पंज, पण प्रवाह पहिली तीसेक सेकंद चालू ठेवून गुपचूप बंद करतात. मुंग्या आल्याच पाहिजेत म्हणून तेवढा सुरुवातीचा झटका. आपल्याला खरे मिळाले की खोटे हे रोग्याला कळत नाही. अशा परीक्षेत हा उपचार कसा उतरला?

स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे ४२ रोग्यांवर पाच दिवस करून पाहिले. त्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये आला. खऱ्या आणि खोट्या प्रवाहात फरक दिसला नाही. इतर लहान चाचण्यांत कुठे त्रासाची धार थोडी बोथट झाली, कुठे काहीच झाले नाही.

चुंबकाच्या प्रकाराचीही गत तशीच. अमेरिकेत पोर्टलंड येथे ६४ रोग्यांवर दहा-दहा बैठका झाल्या. २०१५ सालच्या अहवालात खऱ्या उपचाराच्या ३२ पैकी १८ जणांना आराम आणि खोट्याच्या ३२ पैकी ७ जणांना, असा चांगला फरक होता. ते वाचून मला आशा वाटली, हे खोटे कशाला सांगू? पण २०१७ मध्ये जर्मनीतल्या अनेक दवाखान्यांनी मिळून दीडशेहून अधिक रोग्यांवर तसाच प्रयोग केला, तेव्हा खरे आणि खोटे दोन्ही गट सारखेच निघाले. एका गावच्या शेतात आलेले पीक पंचक्रोशीत आले नाही की शिफारस करता येत नाही, तशातला हा प्रकार. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ मध्येच, चुंबकाचा हा उपचार रोजच्या वापरात आणू नये, असा सल्ला देऊन ठेवला होता. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२० च्या आपल्या मार्गदर्शनात मेंदूला चेतना देण्याचे हे प्रकार अजून संशोधनाच्याच खात्यात ठेवले.

मला सर्वांत बोलकी वाटली ती न्यूझीलंडमधल्या ऑकलंडची चाचणी. २०१४ साली शेखावत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० माणसे घेतली. निम्म्यांना पाच दिवस खरा प्रवाह, निम्म्यांना खोटा. त्यानंतर सगळ्यांनाच कानात श्रवणयंत्रे बसवली आणि सहा महिने वाट पाहिली. त्रास दोन्ही गटांत कमी झाला आणि सारखाच कमी झाला. विजेने काही भर घातली नव्हती. काम केले होते ते कानातल्या साध्या यंत्राने. रेडिओचीच गोष्ट पुन्हा. स्टेशन नीट लागले की खरखर ऐकू येत नाही.

या सगळ्या शोधाला मी थोतांड म्हणत नाही. नैराश्यासाठी चुंबकाच्या उपचाराला अमेरिकेत २००८ सालीच मान्यता मिळाली आहे. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्समध्ये बारीक प्रवाहाच्या उपचारावर चांगले काम झाले आहे, तेही कानी नसलेले शब्द ऐकू येणाऱ्या रोग्यांवर. कर्णनादासाठी आयर्लंडच्या एका कंपनीचे 'लेनिअर' नावाचे यंत्र निघाले आहे. कानात आवाज ऐकवायचा आणि त्याच वेळी जिभेला बारीक विजेच्या गुदगुल्या करायच्या. त्याला मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत विक्रीची परवानगी मिळाली. त्याच्या २०२० मध्ये छापून आलेल्या ३२६ जणांच्या चाचणीत पुष्कळांना आराम पडला आणि तो वर्षभर टिकला, पण सर्व गटांना कसला ना कसला खरा उपचारच दिलेला होता. पाण्याचा वाफा त्यात नव्हता. पुढेमागे यातून काही निघेलही. संशोधनासाठी कोणी रीतसर बोलावले, पैसे न घेता, धोके समजावून, सही घेऊन, तर खुशाल जावे. पण 'कायमची सुटका' असे छापून म्हशीची किंमत मागणारा संशोधक नव्हे.

आणि एक ताकीद. हा प्रवाह बारीक असतो, बॅटरीवर चालतो, हे वाचून कोणी घरी खटाटोप करू नये. एका पोराने मला विचारले, "साहेब, रानडुकरांसाठी कुंपणाला लावायचं झटका मशीन हाय, त्यातनं कमी करून नाही का देता येणार?" नाही. अजिबात नाही. कोरड्या स्पंजाने कातडी भाजते, ते यंत्र नीट असले तरी. झटका मशीन कुंपणासाठी आहे, तुमच्या आज्याच्या डोक्यासाठी नाही. ज्याला फेफरे येते, ज्याच्या छातीत हृदयाचे यंत्र बसवले आहे, डोक्यात किंवा कानात धातूची वस्तू आहे, त्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुंबकाच्या किंवा विजेच्या उपचाराच्या जवळही जाऊ नये.

मग करायचे काय?

आधी कान तपासून घ्या. पुष्कळदा मळाचा खडा बसलेला असतो. तो काडीने, केसाच्या पिनेने टोकरू नका आणि कडकडीत तेल ओतू नका, पडदा फाटतो. जिल्हा रुग्णालयात कानाची तपासणी होते, कोणता सूर किती ऐकू येतो त्याचा आलेख काढतात. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राबद्दल तिथेच विचारा. गरजूंना ते सरकारी योजनेतून मिळण्याची सोय आहे. मुंबईस वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. श्रवणयंत्र म्हणजे म्हातारपणाची पाटी, असे समजून कपाटात ठेवू नका. चष्मा लावताना आपण लाजतो का?

चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिनची इंजेक्शने, क्विनाइन, मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन यांनी कान वाजू शकतो. मात्र आपल्या मनाने औषध बंद करू नका. उलट पक्षी, आवाजासाठी म्हणून बीटाहिस्टिनच्या गोळ्या महिनोन् महिने चालतात, त्या केवळ कर्णनादासाठी देऊ नयेत असे इंग्लंडच्या त्याच मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे. ज्यांना चक्करही येते त्यांची गोष्ट निराळी, ते डॉक्टर पाहतील.

काही खुणा अशा की त्यांत दिवस घालवायचा नाही. एखादा कान अचानक, एक-दोन दिवसांत, बंद पडला तर तो मळ समजून आठवडाभर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, लवकर औषध सुरू झाले तरच ऐकणे परत येण्याची आशा असते. एकाच कानात आवाज येतो, नाडीच्या ठोक्याबरोबर धप् धप् वाजते, सोबत भोवळ येते, तोंड वाकडे होते किंवा कानातून पू-रक्त येते, यातले काहीही असले तरी लगेच दाखवा.

झोपेचा प्रश्न सर्वांत मोठा. अगदी सामसूम खोलीत आवाज मोठा वाटतो. म्हणून उशाशी हळू आवाजात रेडिओ किंवा पंखा चालू ठेवा, आवाजाला सोबत मिळाली की तो तितका टोचत नाही. आणि बोलून मन वळवण्याचा एक उपचार आहे. त्यात आवाजाची भीती, चिडचिड आणि झोपेची चिंता एकेक करून उतरवायला शिकवतात. त्यावरच्या २८ चाचण्या, एकूण २,७३३ माणसे, यांचा एकत्र आढावा २०२० साली घेतला गेला. आवाज तेवढाच राहतो, पण त्याचा जाच कमी होतो, असा त्याचा अर्थ. खेड्यात असा सल्लागार मिळणे कठीण हे मला ठाऊक आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारून पाहावे.

राहिला उरलेला कान. मळणीला, कुट्टीला, ट्रॅक्टरला बसताना कानात फोमचे बोळे किंवा वरून इअरमफ घाला. कापसाच्या बोळ्याने भागत नाही. सायलेन्सर फुटला असेल तर तो आधी बदला. आणि वरातीत डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या पोरांना दोन हात लांब खेचा. शिव्या खाव्या लागतील, मी खाल्ल्या आहेत.

पंधरा दिवसांनी हे सगळे तात्यांपुढे मांडले. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. एवढ्या आशेने जपलेला कागद. मग म्हणाले, "म्हंजे आवाज जायचा न्हाई."

"बहुधा नाही जायचा, तात्या," मी म्हणालो. यापेक्षा गोड उत्तर माझ्याजवळ नव्हते. काकू मात्र चहा टाकायला उठल्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तात्या मुलाबरोबर जिल्हा रुग्णालयात गेले. उजव्या कानातून बोराएवढा मळ निघाला. आलेखात बारीक सूर दोन्ही कानांनी गेलेले, डाव्याने जास्त. माघात गेलो तेव्हा त्यांच्या कानामागे यंत्र होते. आवाज गेला का, विचारले. "न्हाई गेला. हाय तिथंच हाय. पर दिवसा त्याची आठवण येत न्हाई. रातीला रेडिओ लावतो, ही कावती, पर लावतो." नातू अंगणातून हाक मारत होता ती त्यांना पहिल्या हाकेला ऐकू आली, एवढे मी पाहिले.

म्हैस व्याली होती. पारडी झाली.

निघताना थोरल्या मुलाचा ट्रॅक्टर खळ्यात उभा दिसला. मीच आणून दिलेले इअरमफ स्टिअरिंगला लटकत होते, त्यांवर बोटभर धूळ. रुमालाने पुसून ते मी त्याच्या हातात दिले.